पाच सूत

गल्लीत मिस्त्रींना लोक तोंडावर 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ वळली की 'गुण्या'. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. कोपरा नव्वद अंशात आहे की नाही हे ते बघतं आणि नसला तर कुणाचीही भीडभाड न ठेवता दाखवून देतं. मिस्त्रींना हे दुसरं नाव चांगलं ठाऊक होतं आणि मनातून ते आवडायचंही. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला लोक पाठीमागे याहून कितीतरी वाईट नावं ठेवतात.

चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्या केल्या होत्या आणि त्या चाळीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यांची पार वाट लावली होती. म्हणजे दिसायचं उत्तम, पण वाकडं काही सहन व्हायचं नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची, मग नमस्कार. एकदा एका ओळखीच्या घरी ते सांत्वनाला गेले. गेलेल्या गृहस्थांचा फोटो डावीकडे कलला होता. मिस्त्रींनी दोन मिनिटं दम धरला, मग उठून फोटो सरळ केला, चार पावलं मागं येऊन बघितला आणि सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, "हं, आता बरं वाटलं." घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याला चहाही न पिऊ देता घरी आणलं.

त्यांचं सगळं मोजमाप सुतात चालायचं. एका इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. पण जुन्या सुतारांमध्ये 'सूत' हा शब्द तोंडातून काढायचीही गरज नसते. 'तीन कमी कर' म्हटलं की तीन सूत. मिस्त्री हीच भाषा घरात वापरत. "डबा दोन पुढे घे." "पडदा चार वर हवा होता." भांडणात तर हमखास ठरलेलं वाक्य असायचं, "तुझं म्हणणं ठीक आहे, पण एक कमी पडतंय." एक काय, हे मिस्त्रीणबाईंनी पस्तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या दारात गाडी आली. मुलीने नवी घेतली आणि जुनी आईवडिलांना पाठवून दिली. एके काळी ती लाल होती. मिस्त्रींचा नियम असा, की घरात येणारी कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय वापरायची नाही. जावईसुद्धा यातून सुटले नव्हते. त्यामुळे गाडी आली त्याच रविवारी त्यांनी तिची चाकं सरळ आहेत का ते बघायला घेतलं.

मिस्त्रींचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याचं गावात गॅरेज होतं आणि त्यात चाकं बघायचं कॉम्प्युटरवालं मशीन होतं. पण मशीनवर जायचं म्हणजे आपल्या डोळ्यांचा अपमान. मिस्त्रींनी अंगणातच पथारी पसरली. जॅक लावून पुढची चाकं उचलली, एकेक चाक हाताने गरगर फिरवत त्यावर खिळा धरला आणि टायरवर मधोमध बारीक रेघ ओढून घेतली. मग सागाची एक लांब दांडी घेतली, तिच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकले. या दांडीने दोन्ही चाकांवरच्या रेघांमधलं अंतर आधी पुढून मोजायचं, मग मागून. चाकं खाली टेकवल्यावर ती मोकळेपणी वळावीत म्हणून प्रत्येकाखाली दोन स्टीलची ताटं, मध्ये ग्रीस.

मिस्त्रीणबाई बाहेर आल्या आणि ताटं ओळखून जागच्या जागी थांबल्या.

"आज गाडीची पंगत आहे वाटतं?" त्या म्हणाल्या.

"धुऊन देतो."

"नको. तिलाच ठेवा आता. आपण हातावर घेऊन जेवू."

मिस्त्रींनी मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी भरत होतं, दीड सूत आणि वर केसभर. हे बरोबर की चूक, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. म्हणून नाइलाजाने त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"पुढून पाच कमी ठेवा, दाजी," मेहुणा म्हणाला. "पण घरी कशाला खटाटोप करताय? इकडे आणा, मशीनवर दहा मिनिटांत..."

'मशीन' शब्द ऐकला आणि मिस्त्रींनी फोन ठेवला. हवा होता तो आकडा मिळाला होता. पाच.

मग त्यांनी गाडीखाली शिरून टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, फिरवायला घेतला. डावीकडचा गंजून घट्ट बसला होता, म्हणून सगळी दुरुस्ती उजव्यावरच केली. संध्याकाळपर्यंत खपून त्यांनी पुढून पाच कमी केलं. पाच म्हणजे पाच. सव्वापाच नाही, पावणेपाच नाही.

मिस्त्रीणबाई गाडीसमोर उभ्या राहिल्या. "हिचे चवडे आत वळल्यासारखे का दिसतायत? नव्या नवरीसारखी उभी आहे."

"तसंच असतं," मिस्त्री म्हणाले.

आता गाडी म्हटलं की चालवणं आलं. मिस्त्री चालवायचे एका हाताने, स्टिअरिंग खालच्या बाजूला धरून, दुसरा हात खिडकीत. असं चालवणाऱ्याला स्टिअरिंग सरळ आहे की तिरकं हे जन्मात कळत नाही. जगातली प्रत्येक वाकडी वस्तू दिसणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातातली दिसली नाही. असो.

मिस्त्रीणबाईंची थोरली बहीण अठरा किलोमीटरवर एकटी राहायची. तिकडे बस जायची आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवशी जायचं तर मिस्त्रींनी न्यायला हवं आणि मिस्त्रींचा उद्या म्हणजे निदान परवा असायचा. एके दिवशी ताई न्हाणीघरात घसरून पडली. निरोप आला तेव्हा मिस्त्री एका घरी चौकट बसवत होते आणि चौकट अर्धी सोडता येत नव्हती. मिस्त्रीणबाई तिसऱ्या दिवशी पोचल्या. ताईचा हात गळ्यात बांधलेला होता आणि ती डाव्या हाताने चहा करत होती. "अगं, कशाला धावत आलीस?" असं ताई म्हणाली. धावत. ते एकच वाक्य मिस्त्रीणबाई येताना सबंध रस्ताभर गिळत बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मी गाडी शिकणार. मला वाटेल त्या दिवशी, वाटेल त्या वेळी ताईकडे जायचंय. कुणाला विचारून नाही."

वय एकोणसाठ. मिस्त्री एरवी हसले असते. पण ती चौकट त्यांच्याही घशात अडकली होती. "शिक," ते म्हणाले. "मीच शिकवतो."

आणि शिकवलं, अगदी डोळ्यांत तेल घालून. शेजारी बसून एकच धोशा, "स्टिअरिंग सरळ धर. हात घड्याळासारखे. दहा वाजून दहा मिनिटं." मिस्त्रीणबाई दहा वाजून दहा मिनिटांवर हात ठेवत आणि गाडी शांतपणे डावीकडे निघे.

"अहो, ही डावीकडे जातेय."

"गाडी नाही जात, तू जातेस. गाडीची चाकं मी स्वतः केलीत. सुतासारखी सरळ आहेत."

मिस्त्री नसताना त्या गल्लीत एकट्याच फेऱ्या मारत. तेव्हा हात आपोआप थोडे उजवीकडे सरकत, दहा वाजून बारा मिनिटांवर, आणि गाडी शहाण्यासारखी समोर जाई. पण ही आपलीच काहीतरी खोड असणार, असं त्यांना वाटे. मिस्त्री सरळ म्हणतात म्हणजे ते सरळ. पस्तीस वर्षं सगळी गल्ली तेच मानत आली होती.

लायसनची परीक्षा मोठ्या मैदानात असे. पांढऱ्या पिंपांच्या दोन रांगा, मधून गाडी सरळ न्यायची, शेवटी थांबवायची. पहिल्या खेपेला मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याची शिकवण आठवून हात दहा-दहावर घट्ट धरले आणि डावीकडचं तिसरं पिंप उडवलं. दुसऱ्या खेपेला आणखी घट्ट धरले. पुन्हा तेच पिंप.

"काकू," परीक्षा घेणारे साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले, "त्या पिंपाशी तुमचं काही जुनं वैर आहे का?"

रांगेतली माणसं हसली. मिस्त्रीणबाईही हसल्या आणि घरी येऊन मोरीत पाण्याचा नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धूत राहिल्या. तिसरी खेप गुरुवारी होती. त्यात नापास झालं की सहा महिने थांबायचं, असा नियम.

रविवारी सकाळी त्या मिस्त्रींसमोर चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "मी आता तुमचं काही ऐकणार नाही. तुम्ही शेजारी बसलात की गाडी डावीकडे जाते. मी एकटी असले की सरळ जाते."

"म्हणजे मी केलेली चाकं वाकडी?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंस?"

मिस्त्रीणबाईंनी जरा विचार केला. "तसंच म्हटलं," त्या म्हणाल्या.

हे मात्र मिस्त्रींच्या फारच जिव्हारी लागलं. सोमवारी बायको बाजारात गेल्यावर तिला खोटं पाडायच्या एकाच हेतूने त्यांनी ती दांडी माळ्यावरून काढली, चार ताटं काढली, ग्रीस काढलं. मोजलं. पुढून पाच कमी. वर्षभरात केसभरही हललं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं, आत्ता बायकोला बाजारातून बोलावून आणावं.

तेवढ्यात त्यांचा हात टायरवरून फिरला. बाहेरच्या कडेला टायर गुळगुळीत होता. आतल्या बाजूला नक्षी जशीच्या तशी, बाहेरची कड मात्र कुणी रंधा मारावा तशी साफ. दुसऱ्या चाकाचंही तेच. मिस्त्री चाळीस वर्षं दारं करत आले होते. कड झिजते ती घासल्यावरच, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दाराची झिजलेली कड बघून ते घरमालकाला नेहमी विचारायचे, "कोणत्या गाढवाने बसवलंय हे?" तो प्रश्न आता त्यांच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

ते सायकल काढून मेहुण्याच्या गॅरेजात गेले. सहज आल्यासारखं दाखवायला मशीनकडे बघून 'हं' वगैरे म्हणाले. मग म्हणाले, "तू मला पाच सांगितलं होतंस ना रे?"

"हो, पाच."

"पाच ठेवलेत मी."

"मग झालं की. बिघडलं कुठे?"

"कुठेच नाही. पाच सूत, अगदी बरोब्बर. डावा दांडा गंजलाय, म्हणून सगळं उजव्यावरच."

मेहुण्याच्या हातातला पाना खाली पडला. "सूत? दाजी, पाच मिलिमीटर! पाच सूत म्हणजे... सोळा मिलिमीटर होतात! तेही एकाच बाजूने? अहो, स्टिअरिंग तिरकं धरल्याशिवाय ती गाडी सरळ जाणारच नाही. आणि त्या गाडीवर माझी ताई शिकतेय?"

"पाच मिलिमीटर म्हणजे किती होतात?" मिस्त्रींनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मेहुण्याने बोटांवर हिशेब केला. "दीड सूत. आणि वर थोडं."

दीड आणि वर केसभर. म्हणजे गाडी आली तेव्हा बरोबर होती. मुलीने सरळ गाडी पाठवली होती आणि बापाने रविवारभर घाम गाळून ती वाकडी केली होती. मिस्त्री तिथल्या एका टायरवर बसले. मेहुण्याने पाणी दिलं ते प्यायले. मग म्हणाले, "तुझ्या ताईला बोलू नकोस. मी सांगतो."

आणि सांगायचंच होतं त्यांना. वाटेत त्यांनी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण घरी आले तेव्हा बायको बाजारातून आली नव्हती आणि अंगणात दांडी, ताटं, ग्रीस सगळं तयार पडलेलं. त्यांच्या मनाने उचल खाल्ली. गुपचूप सरळ करून टाकावी, बायको गुरुवारी पास होईल, मग कशाला कुणाला काय कळतंय? ते गाडीखाली शिरले आणि तासाभरात चाकं दीड सुतावर आणली. ताटं धुऊन जागच्या जागी ठेवली. मिस्त्रीणबाईंना ताटं इतकी चकचकीत बघून संशय यायला हवा होता. पण त्यांचं चित्त पिंपात होतं.

मंगळवारी दुपारी त्या सरावाला निघाल्या. मिस्त्री शेजारी बसले आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. आज बोलायचंच नव्हतं, गाडीच बोलणार होती.

मिस्त्रीणबाईही ठरवून आल्या होत्या. नवऱ्याचं ऐकायचं नाही. त्यांनी हात स्वतःच्या मनाने ठेवले, दहा वाजून बारा मिनिटांवर, आणि गाडी सोडली.

गाडी उजवीकडे निघाली.

त्यांनी धसकून हात आणखी आवळले. गाडी आणखी उजवीकडे. उजवीकडे इस्त्रीवाल्याचं टेबल होतं, टेबलावर शर्टांची चळत होती आणि टेबलामागे इस्त्रीवाला, जो गरम इस्त्रीसकट मागच्या भिंतीला जाऊन चिकटला. मिस्त्रीणबाईंनी ब्रेक दाबला. गाडी टेबलापासून चार सुतांवर थांबली. हे मिस्त्रींनी खिडकीतून मान काढून नेमकं बघितलं. सवय.

"काकू," भिंतीला चिकटलेला इस्त्रीवाला म्हणाला, "कपडे टाकायचे असतील तर पायी आलात तरी चालतं."

मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि मिस्त्रींच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं ऐकलं तर डावीकडे," त्या म्हणाल्या. "माझं ऐकलं तर उजवीकडे. मला नाही येत. साठीला आले मी, उगाच किती दिवस दामटायचं? परवाचं रद्द करून टाका. ताईला कळवते, बसने येत जाईन म्हणून."

त्या दार उघडून चालत घरी निघाल्या. मिस्त्री डावीकडच्या सीटवर किल्ली घेऊन बसून राहिले. बायकोची पाठ बघत होते. ती कधी नव्हे ती वाकून चालत होती आणि ते त्यांनीच केलं होतं, गाडीसारखंच, नकळत.

ते घरी गेले तेव्हा मिस्त्रीणबाई कांदा चिरत होत्या. त्यामुळे रडू कशाचं आहे ते विचारायची सोय नव्हती.

"तुला गाडी येते," मिस्त्री दारातूनच म्हणाले.

"राहू दे आता."

"येते. उत्तम येते. गाडी वाकडी होती. मी केली होती. तुझ्या भावाने पाच मिलिमीटर सांगितले, मी पाच सूत केले. आठ महिने तू वाकडी गाडी सरळ चालवत होतीस. मैदानात तेवढं माझं ऐकलंस म्हणून पिंप उडालं. आणि काल मी ती गुपचूप सरळ केली. म्हणून आज उजवीकडे गेली. तुझे हात बरोबर आहेत. पहिल्यापासून."

सुरी थांबली.

"आठ महिने," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मला म्हणालात, गाडी नाही, तू जातेस."

"हो."

"मी नळ सोडून रडले."

"ते ऐकू आलं होतं मला."

"आणि काल कळल्यावर ताटं धुऊन ठेवलीत."

मिस्त्री खुर्ची ओढून बसले. "आता गाडी सरळ आहे," ते म्हणाले. "परवा फक्त हात दहा-दहावर धर."

"नाही."

"अगं, आता खरंच सरळ आहे."

"असेल. पण तुमच्या सरळवरचा माझा विश्वास उडालाय. माझ्या हातांना बारा मिनिटं येतात आणि एका दिवसात ते दहावर यायचे नाहीत. तुम्ही गाडी पुन्हा होती तशी करून द्या."

मिस्त्रींना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "होती तशी? म्हणजे वाकडी?"

"पाच सूत."

"मी? जाणूनबुजून वाकडी करू?"

"नकळत केलीत तेव्हा काही वाटलं नव्हतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि उरलेला कांदा चिरायला लागल्या.

बुधवारी सकाळी मिस्त्री अंगणात उतरले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून जे वाकडं झालं असेल ते चुकून. मुद्दाम एक खिळासुद्धा त्यांनी तिरका ठोकला नव्हता. सरळ करायला तासभर लागला होता, वाकडं करायला अर्धा दिवस गेला. पाना हातात घेतला की हात थांबायचा. साडेतीनवर आले आणि म्हणाले, "एवढं पुरे होईल."

"पाच," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्या दांडीचं दुसरं टोक धरून पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"साडेचार कर म्हण."

"पाच. आणि खिळा रेघेवर ठेवा, तुमचा अर्धं सूत बाहेर गेलाय."

मिस्त्रींनी बघितलं. खरंच गेला होता. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती एक डोळा मिटून दांडीवरून बघत होती. पस्तीस वर्षं एका घरात राहून हे तिला कधी आलं, ते त्यांना कळलं नव्हतं. "तुला सूत कळतं?" त्यांनी विचारलं.

"डबा दोन पुढे घे, पडदा चार वर घे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर राहून बहिरीला पण कळेल."

मग मात्र काम भरभर झालं. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा. मध्येच मिस्त्रीणबाईंना हसू फुटलं, ते का फुटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मिस्त्रींनाही आलं. गाडीखाली उताणं पडून हसताना ग्रीसचा थेंब तोंडात गेला. थुंकता थुंकता दोघांत करार झाला. परीक्षा झाली की दर रविवारी एकेक सूत काढायचं, टायर जायच्या आत. "सांगून काढायचं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "सांगून," मिस्त्री म्हणाले. दुपारी एकच्या सुमाराला पाच भरलं. गाडी पुन्हा चवडे आत वळवून उभी राहिली.

संध्याकाळी मिस्त्रीणबाईंनी गल्लीतून एक फेरी मारली. इस्त्रीवाल्याने खबरदारी म्हणून टेबल आत घेतलं होतं. गाडी गल्लीच्या मधोमध गेली आणि मधोमध परत आली.

गुरुवारी मैदानात मिस्त्री कुंपणाबाहेर उभे राहिले. आज साहेब गाडीत बसले नव्हते, रांगेच्या टोकाला वही घेऊन उभे होते. मिस्त्रीणबाई सीटवर टेकल्या, हात ठेवले. दहा वाजून बारा मिनिटं. इतक्या लांबूनही मिस्त्रींना ते दिसलं आणि इतका सुरेख तिरकेपणा आपण आजवर बघितला नाही असं वाटलं. गाडी निघाली. पहिलं पिंप, दुसरं पिंप. तिसऱ्यापाशी मिस्त्रींनी कुंपणाची तार इतकी आवळली, की तळहाताला वळ उठला. गाडी तिसऱ्या पिंपाजवळून गेली, दोन्हीकडे सारखी जागा ठेवून, आणि शेवटच्या रेघेवर येऊन उभी राहिली.

साहेब दोनदा गाडीभोवती फिरले. मग खिडकीशी वाकले. मिस्त्री तोवर धावत तिथे पोचले होते.

"काकू, पास," साहेब म्हणाले. "पण गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग तुम्ही तिरकं धरता, हे काही कळलं नाही. चाकं कुणी बघितलीत?"

आजूबाजूला परीक्षेला आलेली दहा-बारा माणसं होती. त्यातली चार तर त्यांच्या हातची दारं उघडून सकाळी घराबाहेर पडली होती.

"मी केलीत," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "वाकडी आहेत. पाच सूत."

साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे कोण?"

"माझे मिस्टर," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "सरळ काय, कुणीही करून देतं. ही त्यांनी माझ्या मापाने केलीये."

साहेबांनी असलं काही नियमांत आहे का ते वहीत शोधलं आणि सापडलं नाही तेव्हा, चाकं महिन्याभरात दुरुस्त करून दाखवायची अशी ओळ लिहून, शिक्का मारला. शिक्का कागदावर जरा तिरका उमटला. मिस्त्रींनी तो बघितला आणि काही बोलले नाहीत.

मिस्त्रीणबाईंनी कागद ब्लाउजमध्ये ठेवला, गाडी चालू केली. मिस्त्री दुसऱ्या बाजूने दार उघडायला गेले. दार आतून बंद होतं. काच चार बोटं खाली आली.

"मी ताईकडे जातेय," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"चल ना, मी पण येतो."

"नाही. एकटी जाते."

मिस्त्री दाराच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी हात काढला. "पोचलीस की फोन कर," ते म्हणाले, "नाही केलास तरी चालेल."

काच वर गेली. गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. मिस्त्रींशेजारी त्यांच्या हातचं दार असलेल्यांपैकी एक गृहस्थ येऊन उभे राहिले.

"काय मिस्त्री, तुम्हाला सोडूनच गेल्या की वहिनी. कुठे निघाल्या?"

"बहिणीकडे."

"आज काही विशेष?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी कालचं ग्रीस लागलेल्या बाहीने पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. "तिला वाटलं म्हणून."